मिसिंग

टिपणीस बाई गाडी लावून म्हणाल्या,
गायमुखच्या चढावर अडखळते, हिराजीभाऊ.
सपाटीला बरी असते,
चढावर उचकी लागल्यासारखी.

बोनट उघडलं. इरशादला म्हटलं, रेस दे.
कान लावला. उजवा.
डावा मी कंपनीत ठेवून आलोय,
वागळे इस्टेट, पॉवर प्रेस, अठरा वर्षं.
कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे.
कान काही कोणी परत दिला नाही.

एक, तीन, चार, दोन.
चार सिलिंडरच्या इंजिनाचा हा पाढा.
शाळेतले सगळे विसरलो, हा नाही.
मिसिंग मारणारी गाडी तो असा म्हणते:
एक,
         चार, दोन.
पूर्वी हे मला रस्त्याच्या पलीकडून कळायचं,
हातात चहाचा ग्लास असताना.
आज मागे जाऊन सायलेन्सरसमोर तळहात धरला.
फप् फप् फप्, गरम थापट्या,
आणि मध्येच काही नाही.
तेवढ्यापुरता हात रिकामा.
बोटांना कच्च्या पेट्रोलचा वास.

स्कॅनर म्हणाला, तिसरा.
स्कॅनर नाव सांगतो, कारण सांगत नाही.
प्लग काढला : काळा, ओला. बदलला. मिसिंग तसंच.
मग तीनचं कॉइल दोनला, दोनचं तीनला,
चावी फिरवली
आणि आता आजारी पडला दोन.
इरशाद खूश. कॉइल गेलंय, उस्ताद! बिलबुक काढायला निघाला.
म्हटलं थांब. कशानं गेलं ते बघ.
टॉर्च मारला. तिसऱ्या प्लगच्या विहिरीत तेल.
वरचं गॅस्केट इतकं कडक झालेलं
की नखानं तुकडा पडला, पापडासारखा.

चारशे रुपयांचं रबर.
त्यानं थेंब थेंब तेल आत सोडलं,
तेलानं कॉइलची टोपी फुगवली,
ठिणगी खाली उतरायची सोडून कडेकडेनं पळाली,
पेट्रोल वेळेवर आलं, वाट बघून तसंच पुढे गेलं
आणि पेटलं नको तिथं,
गाडीच्या पोटाखाली, कन्व्हर्टरमध्ये.
मुठीनं ठोकून पाहिला. आत खुळखुळा.
मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिचा चुरा झालेला.
आवाज इरशादनं ऐकला, मला मुठीत कळला.
हा तीस हजारांच्या घरात.

किती दिवस दिवा लुकलुकत होता, बाई?
दोन महिने.

बाई पहाटे पाचला कासारवडवलीहून निघतात.
मागच्या सीटवर बर्फाची पेटी, पेटीत लोकांचं रक्त,
प्रत्येक नळीवर नाव, वय.
आठच्या आत लॅबला पोचायचं.
"चालत होती ना हो. तिघं ओढत होते चौथ्याला.
म्हटलं, रविवारी बघू."
आणि रविवारी?
"रविवारी उपाशीपोटी शुगर करणारे जास्त असतात."

मी काही बोललो नाही.
माझ्या शर्टाच्या खिशात सिव्हिल हॉस्पिटलचा कागद आहे,
कानाच्या तपासणीचा, घडीवर फाटलेला.
त्यावरची तारीख
दिवाळीच्या आधीची. मागच्या दिवाळीच्या.

संध्याकाळपर्यंत गॅस्केट, कॉइल, प्लग झालं.
कन्व्हर्टरचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाल्या.
त्या 'बघू'वर मी कुठल्या तोंडानं बोलणार.
इरशादनं चालू केली.
"ऐका उस्ताद. एकदम सरळ."
मी मान डोलावली.
मग टायरची हवा बघतोय असं दाखवत मागे गेलो,
वाकलो, हात धरला.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.

परत आलो तर पोरगा पाने पुसत होता.
माझ्या उजव्या बाजूला.
हल्ली तो नेहमी उजवीकडेच उभा राहतो,
बोलायचं असलं की गाडीला वळसा घालून येतो.
कधीपासून,
ते आठवून पाहतोय.